गडचिरोलीला नेलेला उलटा कोट

गोंडपिपरीहून सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो तेव्हा कोट माझ्या मांडीवर होता. वहिनीनं तो दादाच्या जुन्या धोतरात बांधून दिला होता. परत आल्यावर सगळं सांग, असं ती फाटकातून म्हणाली. मला सांगता येत नाही. वहिनीजवळ बसलं की शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात आणि माझे शब्द आतच राहतात. म्हणून या वहीत लिहिते. वाटलं तर तिला देईन.

दादाचं कपडे शिवायचं दुकान आहे. नवरा वारल्यापासून मी त्याच्याकडे राहते. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काज करते, बटणं लावते, तुरपाई करते, बायकांची पोलकी शिवते. गड्यांच्या कापडाला कात्री दादाच लावतो. बाईनं लावायची नाही, असा त्याचा नेम आहे. यंदा गडचिरोलीच्या प्रदर्शनात पुरुषांच्या कपड्यांच्या शिवणकामाची स्पर्धा ठेवली होती. शिवलेला कपडा एका माणसानं घालून मंचावर चालून दाखवायचा, असा नियम होता. मी फार मागे लागले तेव्हा दादा म्हणाला, "शिव मंग. नंबर आला तं कटिंगच्या टेबलावर बस. नाई आला तं पुन्हा नाव काढू नोको."

बल्लारपूरच्या कागद कारखान्यात ओला कागद एका जाड लोकरी कापडावरून सरकतो. ते कापड जुनं झालं की बाजारात विकायला येतं आणि लोक थंडीत पांघरतात. तेच मी घेतलं. परक्या गड्याच्या अंगाला टेप लावायची माझी छाती नव्हती. दादाच्या जुन्या सदऱ्यावरून माप घेतलं. म्हणजे कोट दादालाच घालावा लागणार होता, आणि त्याला तो बघूनच घाम फुटला होता.

त्याचं कारण असं. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणूस जाडला की शिवण उसवून तेवढं सोडता येतं. दहा वर्षं मी कपड्यांची ही आतली बाजूच बघत आले. मला ती बाहेरच्या बाजूपेक्षा खरी वाटते. म्हणून या कोटाची सगळी माया मी बाहेर काढली. प्रत्येक शिवणीवर चार बोटं कापड उभं ठेवलं, त्याच्या कडा उसवून धागे मोकळे केले आणि टीप लाल दोऱ्यानं मारली. डावा पुढा, म्हणजे पुढचा भाग, गुडघ्यापर्यंत नेला आणि उजवा कमरेपर्यंत ठेवला.

कोठारीच्या जंगलातून गाडी जात होती तोवर दादा खिडकीबाहेर बघत होता. बल्लारपूर आलं, कारखान्याचा उग्र वास आला, बांबूचे ट्रक दिसले. तेव्हा तो म्हणाला की अजून वेळ आहे, ताप आल्याचं सांगून परत जाता येईल. चांद्याला (चंद्रपूरला) गाडी बदलताना गाठोडं सुटलं आणि कोट दिसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं निरखून विचारलं, "भाऊ, हे घोड्याचं हाये का माणसाचं?" दादानं माझ्याकडे बोट केलं आणि तोंड फिरवलं.

मूल गावाच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. सगळे खाली उतरले. धान कापून झालं होतं आणि शेताच्या बांध्यांत पुंजने (धानाच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) उभे होते. कडांनी काड्या बाहेर आलेल्या, कुठे लांब, कुठे आखूड. मी कोटाच्या कडांचे धागे पाहिले आणि जरा धीर आला. पुढे वैनगंगेचं पाणी दिसलं आणि संध्याकाळी गडचिरोलीत पोचलो.

दादाचे उस्ताद तिथे विहाराच्या बाजूला राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दादा पोरगा असताना त्यांच्याच हाताखाली शिकला. मास्तरांच्या घरच्या काकूनं भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी वाढली. मास्तरांनी जेवताना कोट मांडीवर घेऊन हात फिरवला आणि खुंटीला अडकवला. मी लवकर झोपले.

सकाळी अंघोळ करून आले तर मास्तर ओसरीवर उन्हात बसले होते आणि कोट त्यांच्या मांडीवर होता. उजवी बाजू पूर्ण बदललेली होती. चार बोटं माया कापून एक बोट केली होती, तिच्या कडा खाली दुमडल्या होत्या आणि बाहेरूनच बारीक तुरपाई घातली होती. उजवी बाही तशीच केलेली. खाली फरशीवर कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या.

"घाईत अर्धवट राह्यलं होतं तुह्यं," मास्तर हसून म्हणाले. "पहाटेपासून बसलो. आता डावी बाजू राह्यली, तासाभरात होते."

दहा वाजता मंचावर जायचं होतं. दादा दारात उभा होता. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. उस्तादांनी हात लावला, आता हा कोटासारखा कोट होईल, नंबरही येईल, तू काही बोलू नको, असं तो हळूच म्हणाला. ते खरंच होतं. मास्तरांच्या हाताला त्या गावात तोड नव्हती. गप्प राहिले असते तर टेबल मिळालं असतं. पण कोट मास्तरांचा झाला असता.

मी खाली बसले. पट्ट्या गोळा करत, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, ते अर्धवट नव्हतं. ते तसंच हाये."

सुई थांबली. काकू चहा घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली. दादा रागानं माझं नाव घेऊन थांबला. उस्तादांचं काम आजवर कुणी परत केलं नव्हतं.

"काऊन?" मास्तरांनी विचारलं.

मी कसंबसं सांगितलं. दहा वर्षं आतली बाजू शिवते, ती एकदा बाहेर दिसावी असं वाटलं. एवढंच मला जमलं. मास्तरांनी ब्लेड काढलं आणि स्वतःच्याच तुरपाईचा पहिला टाका कापला. "कापलेलं तं आता येत नाई," ते म्हणाले. "बाही तू घे, मी पुढा घेतो."

आम्ही दोघं समोरासमोर बसून उसवत राहिलो. साडेनऊला पुढा मोकळा झाला, बाही राहिली. ती तशीच ठेवली. टाके इतके बारीक होते की उसवायला हात धजेना.

प्रदर्शनाच्या मांडवात फळ्यांचा लांब मंच होता. माणसं सफारी, शेरवानी, बंद गळ्याचे कोट घालून चालत होती. दादाची पाळी आली तेव्हा मागून आवाज आला, "अरे, भाऊनं घाईत उलटाच घातला." सगळा मांडव हसला. दादाला मान खाली घालायची होती, पण त्या जाड कापडाची कॉलर इतकी ताठ होती की मान खाली जाईना. त्याला समोर बघतच चालावं लागलं. हात मात्र कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. ते कोटाच्या बाजूंना चाचपडत होते. शेवटच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर हसणं कमी झालं होतं.

परीक्षक दोन होते. एक शिवणवर्ग चालवणारे जाडसर गृहस्थ, दुसरे शाळेत चित्रकला शिकवणारे. शिवणवाल्यांची एकच रीत होती. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा आणि आतलं काम बघायचं. सगळे शिंपी असंच बघतात. त्यांनी माझा कोट उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. आत एक धागा नव्हता, एक कड नव्हती. सगळं साफ होतं. त्यांनी पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"काम पक्कं आहे," ते म्हणाले. "पण याला मी कोट म्हणून मार्क कसे देऊ? एक बाजू लांब, एक आखूड, कडा सुटलेल्या."

चित्रकलेचे शिक्षक म्हणाले की हा कोट नाहीच, ही कला आहे. बाजूच्या दालनात चित्रं लावली आहेत, तिथे भिंतीवर लावू. तिथे याच्या तोडीचं काही नाही, पहिला नंबर नक्की. फक्त कोटावरची स्पर्धेची चिठ्ठी बदलावी लागेल.

दादा पुढे झाला. त्याचा चेहरा फुलला होता. बदला, बदला, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाला, "चित्रातला नंबर आला तरी मोठी गोष्ट हाये व सुमन. घरी दुकानात लावू, लोकं पाह्यतीन."

लोकं पाहतील. आणि मी मागच्या खोलीत काज करीन. भिंतीवर चित्र लावणारीला कापड कापायला कोण देतो? मांडवात पन्नास माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. पण सकाळी एकदा बोलले होते, म्हणून दुसऱ्यांदा बोलता आलं असेल.

"भिंतीवर नोको," मी म्हणाले. "दादाच्या मापाचा हाये. कोट म्हणूनच पाहा."

चित्रकलेचे शिक्षक हळहळले. शिवणवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी नंबर वाचले, त्यात माझं नाव नव्हतं. दादाचे मास्तरही मांडवात आले होते, आमच्यामागे उभे होते. ते दादाला एवढंच म्हणाले, "इतके कोट आले, पण त्या शिवणवाल्यानं दोनदा उलटवला तो एकच."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परतलो. थंडी कडाक्याची होती आणि खिडकीची काच फुटकी होती. सावली गावापर्यंत दादा हात काखेत धरून बसला. मग त्यानं गाठोडं सोडलं आणि कोट अंगात घातला. मी बाहेर बघत राहिले. कोटाला कला म्हणावं की शिवणकाम, हे शिकलेल्या माणसांना ठरवता आलं नाही, मला काय ठरवता येणार? पण तो कोट गडचिरोलीच्या भिंतीवर राहिला असता तर दादा कुडकुडतच आला असता.

चांद्यापर्यंत टेबलाचा विषय निघाला नाही. मी मनात मागच्या खोलीतले काज मोजायला लागले होते. बल्लारपूरला कारखान्याचा एक कामगार चढला. त्यानं ते कापड ओळखलं, बाहीवर हात फिरवला आणि कोणी शिवलं म्हणून विचारलं. दादानं माझ्याकडे बोट केलं. या वेळी तोंड फिरवलं नाही.

कोठारी मागे पडल्यावर त्यानं दोन्ही हात कोटाच्या बाजूंना चाचपले आणि चिडून म्हणाला, "खिसा काऊन नाई ठेवला? माणसानं हात कुठी ठेवावं?"

मी खिसा विसरले होते. खरंच विसरले होते.

"पुढच्या कोटाला ठेवीन," मी म्हणाले.

दादानं कॉलर नीट केली. "आतून ठेवजो," तो म्हणाला, "नाई तं तोही बाहेर लटकवशीन."