पासातलं पाचवं माणूस

कानडी शहरातल्या कॉटनपेटेत राहणाऱ्या मराठा मंडळीत सोयराबाईंच्या शब्दाला मोठं वजन होतं, आणि ते सगळ्यात जास्त सोयराबाईंनाच पेलावं लागायचं. "सोयराअक्का एकदा बोलली की बोलली," असं म्हणून शेजारणी माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आपापले शब्द सोयीप्रमाणे फिरवायच्या. कौतुक करायला काय जातं? नवरा गेल्यावर पापड-सांडगे विकून सोयराबाईंनी एकुलत्या एका येसाजीला वाढवलं होतं. दुकानदारानं उधारी दिली ती शब्दावर, घरमालकानं खोली ठेवू दिली ती शब्दावर. दिलेल्या शब्दाला जागणारी बाई, एवढंच भांडवल त्यांच्यापाशी होतं.

त्याच भांडवलानं तीन वर्षांपूर्वी त्यांचा घात केला.

सून चंपा शहराबाहेरच्या हेब्बाळ गावची. लग्नानंतरची पहिली पंचमी आली तेव्हा तिचा भाऊ परसू मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला आला. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सून धाडायची नाही, ही रीत, आणि रीतीप्रमाणे मुराळ्याचं आगतस्वागत व्हायला हवं. सोयराबाई पहाटेपासून पुरणाच्या होळग्या लाटत होत्या. परसू मात्र दारातच उभा राहिला. बसत नाही म्हणाला, गाडी रस्त्यात आहे, बैल ताटकळलेत. सोयराबाईंच्या हातात लाटणं आणि नाकाच्या शेंड्यावर राग. "बैलांची एवढी काळजी असेल तर बैलांनाच ने घेऊन," त्या म्हणाल्या. परसू तरी कुठला गरीब गाय? रिकामी गाडी हाकत निघून गेला.

गोष्ट तिथं थांबली असती तर दिवाळीपर्यंत मिटली असती. पण दुसऱ्या दिवशी भवानीच्या देवळात, झोपाळ्यापाशी जमलेल्या झाडून साऱ्या बायकांसमोर सोयराबाई बोलून गेल्या, "परसू माझ्या घरी पाटावर बसून जेवल्याशिवाय माझी सून त्याच्या घराचा उंबरा चढणार नाही." हे हेब्बाळला पोचायला किती वेळ लागतो? परसूनंही शपथ घातली, त्या घरचं पाणी पिणार नाही. झालं. दोन्हीकडे दगडाला पाझर फुटेना, आणि मधल्यामध्ये चंपा भरडली गेली.

सोयराबाईंना त्याच संध्याकाळी पस्तावा झाला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. धनुष्यातून बाण सुटला म्हणतात तसं झालं होतं, आणि तो परत आणायचा म्हणजे झोपाळ्यापाशी जाऊन मी चुकले म्हणायचं. ते त्यांच्यानं होईना. चंपाचं बाळंतपण त्यांनी घरीच केलं, हातचं न राखता केलं. विहीण भागुबाई बारशाला आल्या, परक्यासारख्या कोपऱ्यात बसल्या, नातीचा मुका घेऊन दिवेलागणीआधी परत गेल्या. पुढे त्यांचे गुडघे धरले आणि शहराच्या बसमध्ये चढणं संपलं. मायलेकींची गाठ पडून दीड वर्ष उलटलं.

चंपा कधी तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर बरं, निदान भांडता तरी आलं असतं. ती फक्त भाजी घ्यायची. हेब्बाळची एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत यायची, तिच्याकडून चंपा दर खेपेला पालेभाजी घ्यायची आणि तळ्याला पाणी किती आहे, बांधावरची चिंच धरली का, असलं काहीबाही विचारत उभी राहायची. घरात आठवड्यातून चार दिवस पालेभाजी. येसाजी एकदा वैतागून म्हणाला, "आपण काय शेळ्या आहोत?" त्यावर सोयराबाईच फणकारल्या, "डोळ्यांना चांगली असते. गप जेव." सून भाजीच्या निमित्तानं माहेरच निवडतेय, हे त्यांना पहिल्या जुडीलाच कळलं होतं.

अशात एका संध्याकाळी येसाजी नवीन बातमी घेऊन आला. तो के. आर. पुरमजवळच्या टेलिफोनच्या कारखान्यात कामाला होता. तिथं सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: गावाबाहेर कुणा शेठनं मोठी मौजेची बाग काढलीय, आकाशपाळणा, चक्री, होडी, पोरांची आगगाडी. वर्षाचा पास निघालाय, घरटी पाच माणसांचा.

"पण परवडत नाही," येसाजी जेवता जेवता म्हणाला. त्यानं वाटेत बसमध्येच हिशेब उरकला होता. "पाच जणांचे पैसे भरायचे आणि आपण चारच. पाचवं माणूस आणायचं कुठून? त्यापेक्षा दसऱ्याला एकदा तिकीट काढून जाऊ. सरी, चालेल?"

"सरी," सोयराबाई म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठंशी आहे ही बाग?"

"हेब्बाळच्या तळ्यापाशी. बांधाला लागूनच."

चुलीपुढे बसलेल्या चंपाचा हात भाकरी थापता थापता थांबला. तिनं वर पाहिलं नाही. भाकरी पुन्हा फिरू लागली, पण कड जाड राहिली, आणि चंपाची भाकरी कधी कडेला जाड राहत नसे. सोयराबाईंनी ते पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"घे तो पास," त्या म्हणाल्या.

येसाजीला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. ही बाई मिठाच्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारी. "आई, तू आकाशपाळण्यात बसणार?"

"न बसायला मला काय धाड भरलीय?"

"अगं, पण चार जणांसाठी पाचांचे पैसे? वाया जातील."

"वाया कशाला घालवायचे? पाचवं नाव भागुबाईंचं सांग."

येसाजी बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "आणि तुझा शब्द?"

"शब्द उंबऱ्याचा होता. बागेला कुठं उंबरा असतो?"

चंपा उठली आणि परसात गेली. बराच वेळ रहाटाचा आवाज येत होता. घरातल्या कळश्या दुपारीच भरलेल्या होत्या. त्यांना एकदम मोकळं वाटलं होतं, इतकं की त्यांनी आणखी एक भाकरी मागितली आणि तवा रिकामा बघून स्वतःच थापायला बसल्या.

मोकळेपणा फार टिकला नाही. भाजीवालीबरोबर भागुबाईंना निरोप धाडला, रविवारी बागेत या, पासावर तुमचं नाव आहे म्हणून. त्यानंतर भाजीवाली फिरकलीच नाही. आता सोयराबाईंच्या जिवाला घोर लागला. भागुबाई येतील का? का यावं त्यांनी? आपण त्यांच्या लेकीला तीन वर्षं अडकवून ठेवलं आणि आता बागेत या म्हणून सांगतोय, जसं काही उपकारच. परसूनं अडवलं तर? त्या आल्या नाहीत तर चंपा काही बोलणार नाही, पुन्हा पालेभाजी घ्यायला लागेल, आणि ते बघत राहणं आता आपल्याला जमायचं नाही. रविवारी बसमध्ये नात मांडीवर उड्या मारत होती, येसाजी पास खिशात आहे ना ते चाचपत होता, आणि सासूसुना दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत होत्या.

बागेच्या दाराशी भागुबाई नव्हत्या. चंपानं एकदा बांधाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. सोयराबाईंनी येसाजीला पास दाखवायला सांगितलं.

दारावर शिवाप्पा नावाचा माणूस होता. त्यानं पासावरची नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. "भागुबाई? ती म्हातारी तुमची काय, अक्का? मी दार उघडायच्या आधीपासून काठी टेकून उभी. म्हणते, माझं नाव पासावर आहे. मी म्हटलं, आज्जी, पास कुठाय? म्हणते, माझी लेक घेऊन येतेय. हाकलायचं कसं? स्वल्प सावलीत बसा म्हटलं. ती बघा तिकडं."

पिंपळाखाली भागुबाई बसल्या होत्या. चंपा पोरीला काखेत मारून पळत सुटली. लोक बघतायत, पदर पडलाय, कशाचं भान नव्हतं. सोयराबाई मागे थांबल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. आल्या बाई, त्या मनाशी म्हणत होत्या, आल्या एकदाच्या.

येसाजीनं पास वसूल करायचा चंग बांधला होता. तो पोरीला घेऊन चक्रीत बसला, आगगाडीत बसला, आकाशपाळण्यात बसून हिरवानिळा होऊन खाली आला. तिघी बायका पिंपळाखालून हलल्या नाहीत. उन्हं कलली. भागुबाईंनी आणलेल्या शेंगा संपल्या. नातीला त्यांनी पोटाशी धरलं होतं आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घर इथं बांधापलीकडंच आहे, घोटभर चहा..." आणि जीभ चावून त्या गप्प झाल्या.

"नको, आई," चंपा पटकन म्हणाली. "इथंच बरंय. मोकळी हवा आहे. मला कुठं चहा लागतो?"

सोयराबाईंनी सुनेकडे पाहिलं. चंपाला चहाशिवाय सकाळी डोळे उघडता येत नव्हते. माहेरचं छप्पर पिंपळाच्या फांद्यांमधून दिसत होतं, तिकडे पाठ करून बसलेली ही पोर सासूचा शब्द सांभाळत होती. तीन वर्षं सांभाळत आली होती. शब्द आपण दिला आणि राखला हिनं, हे सोयराबाईंना आत्ता, या वयात, बागेच्या गवतावर बसून कळलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चला, भागुबाई. मला चहा हवाय."

"अक्का, पण मुराळी..." भागुबाई चाचरल्या. "परसू आला नव्हता न्यायला."

"मी आणलंय की तिला."

बांधावरून भागुबाईंच्या काठीच्या चालीनं सगळी निघाली. झोपाळ्यापाशी उद्या काय बोलतील, हे सोयराबाईंच्या मनात आलं आणि गेलं. बोलेनात का. दाराशी परसू उभा होता. त्याला कुठं बघावं कळेना, मग तो आत जाऊन स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि मान खाली घालून सोयराबाईंच्या पायांवर पाणी घातलं. भागुबाई नाचणीच्या भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. लेकीवरून ओवाळला, नातीवरून ओवाळला. मग दुसरा तुकडा मोडून त्या सोयराबाईंपुढे आल्या.

सोयराबाईंचं माहेर आईबरोबरच संपलं होतं. त्यांच्यावरून कुणी भाकरतुकडा ओवाळून टाकल्याला किती वर्षं झाली, ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्या लहान मुलीसारख्या, डोळे मिटून, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.