तिसऱ्या पायरीचा खळगा

माझी बायको पगार घेऊन थुंकते. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, तिकीट काढून. जुन्या तैलचित्रांवरचा मळ काढायला थुंकीसारखं औषध नाही, असं ती सांगते, आणि शास्त्रही तेच सांगतं म्हणे. काडीला कापसाचा बोळा, बोळा जिभेवर, मग चित्रावर, गोल गोल. मोठ्या घराच्या दिवाणखान्यात जुन्या मालकाचं चित्र आहे, मिशा पिळलेलं. त्याच्या खानदानाने तिच्या बापाकडून गाढवासारखं काम करून घेतलं. आता ती अधूनमधून त्याच्या नाकावर थुंकते आणि वर शाबासकी मिळवते. यापेक्षा चांगली नोकरी मला तरी ठाऊक नाही.

गावाबाहेर नदीच्या वळणावर हे आवार आहे, आता संग्रहालय झालेलं. मालकांचं मोठं घर, घोड्यांची पागा आणि पाणचक्की. एकोणिसाव्या वर्षी ती इथे झाडू मारायला लागली, मग तिकीट खिडकीवर बसली, मग रात्री जागून कसल्या कसल्या परीक्षा दिल्या आणि आज सगळ्या आवाराची प्रमुख आहे. मी इथला सुतार. म्हणजे नऊ ते पाच ती मॅडम आणि मी 'अहो सुतार'. पाचनंतर ती 'अगं' आणि मी 'अरे'. गावातले लोक खवचटपणे विचारतात, "काय, साहेबांनी सोडलं का आज?" मी म्हणतो, "सोडलं, आता घरी जाऊन साहेबांची भांडी घासायचीत."

गावाने तिचं नाव ठेवलंय हात-लावू-नका बाई. उन्हाने रंग उडतो म्हणून पडदे अर्धे बंद. छत्री बाहेर, पिशवी बाहेर, चिकट हातांची पोरं खिशात हात घालून आत. एकदा एका गृहस्थाने जुन्या खुर्चीवर बूड टेकलं. ही कोपऱ्यातून गोड आवाजात म्हणाली, "काका, तिचा मागचा पाय आम्ही कालच सरसाने चिकटवलाय." काका असे उडाले की पुढच्या दालनात जाऊन पडले.

पण नुसतं 'लावू नका' बघायला कोण येणार? एका रविवारी अकरा माणसं आली, त्यातल्या सातांनी विचारलं, संडास कुठे आहे. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की पाहुणे वाढवा, नाहीतर कुलूप लावा. तेव्हा तिने पाणचक्कीचा जिना उघडला.

तो जिना म्हणजे धान्याच्या माळ्यावर जाणाऱ्या अकरा लाकडी पायऱ्या. खांद्यावर पोती घेऊन हमाल चढायचे. तिसऱ्या पायरीपासून जिना अरुंद होतो, म्हणून प्रत्येक जण तिथे उजवा पाय रोवायचा आणि पोतं दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा. रोवून रोवून तिथे पावलाएवढा खळगा पडला. तिचे बाबा या जिन्याने एकोणतीस वर्षं चढले. चक्की बंद पडली तेव्हा ही दहा वर्षांची होती. दोन वर्षांत बाबाही गेले. फोटो एकही नाही, हमालाचा फोटो कोण काढतो? कपडे वाटून टाकले. उरला तो खळगा. तो काही एकट्या सासऱ्यांनी पाडलेला नाही, पण हे तिला सांगायची माझी छाती नाही.

आणि हात-लावू-नका बाईने तिथे पाटी लावली: 'पाय ठेवा'. चप्पल काढायची, पेंढा भरलेलं पोतं खांद्यावर घ्यायचं, खळग्यात पाऊल ठेवायचं, पोतं फिरवायचं. खिदळत आलेली माणसं तिसऱ्या पायरीवर गप्प व्हायची. पुढच्या वर्षी रविवारचे चारशे येऊ लागले. बाबांचं ती कुणालाच सांगायची नाही. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मात्र स्वतः चप्पल काढून मिनिटभर तिथे उभी राहायची.

आता माझं पाप सांगतो.

हे सगळं सुरू होण्याआधी ती बारा दिवस प्रशिक्षणाला परगावी गेली होती. मी जिना तपासत होतो. तिसऱ्या पायरीत टोच्या घातला तो मुठीपर्यंत आत गेला. कीड. आत नुसता भुगा. तिचेच दोन नियम आहेत. किडकं लाकूड आवारात ठेवायचं नाही, जाळायचं. आणि नवी फळी नवीच दिसली पाहिजे, तिच्या खालच्या अंगाला बसवल्याचं साल डागायचं, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. पहिला नियम मी पाळला. दुसऱ्यापाशी माझी मस्ती आडवी आली. तीस वर्षं हत्यार धरलेल्या माणसाला म्हणायचं, तुझं काम ओळखू येऊ दे! मी नवी कोरी फळी घेतली, गोल पटाशीने खळगा कोरला, चहाचं पाणी पाजलं, गंजक्या खिळ्यांचं पाणी पाजलं, मेण घासलं. मग वाळूचं पोतं घेऊन दोनशे वेळा चढलो-उतरलो. कंबर अजून बोलते.

ती परत आली, जिना बघितला आणि म्हणाली, "छान पुसलास रे." तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण शाबासकी मिळाली की माणूस शेण खातो. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या-उद्या करत तीन वर्षं गेली. ती संध्याकाळी त्या पायरीवर उभी असायची आणि मी दाराशी, किल्ल्या पुन्हा पुन्हा मोजत.

मग पत्र आलं. अशा सात आवारांवर मिळून एक प्रमुख नेमायचा होता, आणि हिचं नाव सगळ्यात वर होतं. तिघे जण पाहायला येणार, त्यांतला एक लाकडाचा जाणकार. तिसऱ्या पायरीची ढलपी काढून तिचं वय ठरवणार. ते येणार त्या दिवशी सकाळी ती चहा पीत होती. मी सांगून टाकलं. एका दमात, जुलाब झाल्यासारखं.

वाटलं होतं, कप फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं.

"जुनी फळी?" तिने विचारलं.

"जाळली."

"सगळी?"

"नियमाप्रमाणे."

"नियमाप्रमाणे," ती म्हणाली आणि रडायला लागली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मला माझ्या हातांची लाज वाटली.

"मी त्याला पाचवी पायरी दाखवतो," मी म्हटलं. "ती अस्सल आहे."

"तू आज तोंड उघडायचं नाही," तिने डोळे पुसले. "तीन वर्षं जमलं ना, आजही जमेल."

दुपारी तिघे आले. एक टकले साहेब, एक वहीवाल्या बाई आणि भिंगवाला जाणकार. जाणकार पायरीवर ओणवा झाला. बराच वेळ भिंग फिरवलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "वा! झीज म्हणतात ती ही! हिची ढलपी काढायला जीवच होत नाही. लिहा हो बाई, मूळ लाकूड." खरं सांगतो, मेला माझा स्वभाव, माझी छाती फुगली. सुटलो, म्हटलं. ती सुटली.

"लिहू नका," ती म्हणाली. "ही पायरी तीन वर्षांची आहे. मूळची किडली होती, आमच्या सुताराने ही बसवली. मला आज सकाळी कळलं. पण जबाबदार मी."

जाणकाराने भिंग खिशात घातलं. साहेब म्हणाले, "असा सुतार ठेवता तरी कशाला?"

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. झालं, उरलीसुरली वाट लागली. ते पद पुढे दुसऱ्या आवारातल्या एका गुळगुळीत माणसाला गेलं. मला लेखी ताकीद मिळाली, माझ्याच बायकोच्या सहीची.

त्या दिवशी तिघांची गाडी गेली. संध्याकाळी ती जिन्यापाशी नुसतीच उभी राहिली, चप्पल घालून. मी म्हटलं, "चुकलो. तुझ्याकडे होतं तेवढं एकच, तेही मी जाळलं."

तिने वळून पाहिलं नाही. "खळगा कोरलास तो अंदाजाने?"

"अंदाजाने?" आता मात्र मी चिडलो. "मी काय कालचा शिकाऊ आहे? जाळण्याआधी जुन्या खळग्यावर दर दोन बोटांवर पुठ्ठ्याचा साचा कापला. नऊ साचे. टाच खोल, अंगठ्याकडे जरा बाहेर कललेला. केसाचा फरक दाखव, नाव बदलेन!"

"साचे जाळलेस?"

"साचे कोण जाळतं?"

मी कामाच्या खोलीतून ते आणले. ती पायरीशी बसली आणि एकेक पुठ्ठा खळग्यात उभा धरून बघत गेली, खालून उजेड दिसतो का. नवव्यापर्यंत कुठेच दिसला नाही. तिने चप्पल काढली, उजवं पाऊल आत ठेवलं आणि पुन्हा रडली, या वेळी मोठ्याने, नाक ओढत.

"उद्या फळी उचलून खाली साल डाग," ती म्हणाली. "आणि बाहेरच्या पाटीवरही तसं लिही."

"लिहितो."

"मला राग आलाय तुझा. खूप. महिनाभर तरी जाणार नाही."

"बरं."

"माझ्या बाबांच्या पावलाचं माप घेतलेला जगात तू एकटाच आहेस, गाढवा," ती म्हणाली, आणि पायरीवरून उतरायला माझा हात धरला.