गोलकीपर आणायला गेले होते

फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीशी लग्न केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणच चपला काढून घरात येतात आणि चहा मागतात. त्या वर्षी आमच्या आर्वीच्या क्लबला एकच गोष्ट हवी होती, गोलकीपर. जुना नोकरीसाठी भिलाईला गेलेला, आणि शील्ड आर्वीत कधीच आली नव्हती. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण घराला दार लागतं एवढं कळतं.

*

आमचे हे गोलकीपर आणायला एसटीने कामठीला गेले आणि सेंटर फॉरवर्ड घेऊन आले. इक्बाल त्याचं नाव.

"काय पाय आहे त्याचा!" हे दारातूनच.

कॅप्टन देवरावभाऊजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "पाय पाहून आनला. आता हात कोनाचे लावू?"

"चांगला प्लेअर भेटला का घेऊन टाकाव. जागा मंग पाहू."

"तुमी काय फर्निचर घेऊन राह्यले का, सेक्रेटरी?"

*

पुढच्या आठवड्यात हे सेलूला गेले. तिथल्या कीपरचं मोठं नाव होतं. संध्याकाळी उतरले ते आणखी एका फॉरवर्डला घेऊन.

"काऊन?" भाऊजींनी विचारलं.

"मॅच पाह्यली. यानं त्या कीपरले तीन गोल मारले. मंग सांगा, कोनाले आनू?"

हिशेब चोख होता. भाऊजींना राग त्याचाच जास्त आला.

*

बाहेरचे खेळाडू सेक्रेटरीच्या घरी उतरत, ही क्लबची रीत. मुलगी माझी आठ महिन्यांची. आई म्हणून आपण जेमतेम पास, असं मला सारखं वाटे. एका सकाळी मी दुधाकडे वळले आणि ती पलंगावरून निसटली. चहा पीत बसलेल्या इक्बालने कप सोडला, आडवी झेप घेतली आणि जमीन वीतभर उरली असताना तिला दोन्ही हातांत झेललं. कप फुटला. मी किंचाळले. पोरगी हसली.

ओट्यावरून भाऊजी शांतपणे म्हणाले, "रडू नोका वैनी. भेटला."

"कोण?"

"गोलकीपर."

*

इक्बाल ऐकेना. "भाभी, मैं गोल मारनेवाला आदमी हूँ."

भाऊजींनी त्याला शब्द दिला, "ही एक मॅच उभा राह्य. पुढच्या मॅचले तुले फॉरवर्ड खेळवतो."

त्या मॅचमध्ये त्याने एकही गोल होऊ दिला नाही. चूक तिथेच झाली. मग दर मॅचला तोच शब्द आणि तोच इक्बाल गोलमध्ये. त्याच्या सुजलेल्या बोटांना हळद लावताना मी एकदा हळूच म्हटलं, "एखादा गोल सोडून पाहा." मग कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दिवसभर घाबरले.

"छूटता नहीं, भाभी," तो खिन्नपणे म्हणाला.

*

फायनल नागपूरच्या टीमशी. सेलूवाल्याच्या गोलने आम्ही पुढे होतो आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटले, मुलीचेही झाकले. अख्खी आर्वी ओरडली तेव्हाच उघडले. चेंडू इक्बालच्या पोटाशी होता.

शील्ड आमच्या घरी आली. तिच्या मागोमाग नागपूरच्या टीमचे सेक्रेटरीही आले. "तुमचा गोलकीपर आमाले द्या. जागा पक्की."

"त्यालेच इचारा," हे म्हणाले. आणि चकचकीत शील्ड पुन्हा पुसू लागले.

इक्बालने माझ्या मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "साहब, गोलकीपर का मालूम नहीं. मैं सेंटर फॉरवर्ड हूँ. अगले मैच में खेलूँगा, वो देख लो, फिर बात करना."