"त्यांचं मत माझ्याकडं हाय"

"ऊठ," तो म्हणाला. "खुर्चीवरनं ऊठ आधी."

मी उठले. थोड्या वेळापूर्वी त्याच माणसानं "बसा मॅडम" म्हणत ती खुर्ची माझ्यापुढं सरकवली होती. गावाचा माजी सरपंच. बंगला, बंगल्याला ओटा, ओट्यापुढं पांढरी गाडी. मी एका कंपनीसाठी जनमत चाचणीचं काम करत होते. देशापुढचा मोठा प्रश्न कोणता, सरकार कसं चाललंय, पुढचा नेता कोण हवा, हे घरोघर विचारायचं आणि टॅबवर भरायचं. पण माझ्या प्रश्नांआधी त्यानंच मला विचारायला सुरुवात केली होती.

"आडनाव?"

सांगितलं. आडनावावरून त्याला पत्ता लागेना.

"गाव कोणचं?"

"भिंगार."

"म्हंजे कोन तुमी?"

"ख्रिस्ती."

"ते झालं. मूळचे कोन?"

वडील लष्कराच्या छावणीतल्या मेसमध्ये नोकरी करून रिटायर झाले. आजी मिशनच्या शाळेत शिकवायची. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या बायबल वाचलं जातं. आणि हा माणूस उकरत उकरत बरोबर तिथंच पोचला. मी सांगितलं. लपवायचं काय त्यात?

"मूळचे महार."

मग तो "ऊठ" म्हणाला. सुनेला हाक मारली. ती बादली घेऊन आली, माझ्याकडं न बघता खुर्चीवर पाणी ओतलं आणि गेली. लाल प्लास्टिकची खुर्ची. पाणी ओट्यावरून ओघळत माझ्या चपलांपर्यंत आलं. मी पाय मागं घेतले.

"आता विचार," तो म्हणाला. "काय विचारायचं ते हुबं राहून विचार."

तरी मी टॅब वर धरला. नोकरी होती. पुढचा प्रश्न समोर आला तो वाचला.

"आपल्या देशात आज सर्व जातिधर्मांच्या लोकांना समान वागणूक मिळते, असं तुम्हाला वाटतं का?"

"शंभर टक्के," तो म्हणाला. "आता कुठं ऱ्हायलीय जात?"

खुर्ची अजून ठिबकत होती. तो हसला नाही. थट्टा करत नव्हता तो. त्याला तसंच वाटत होतं. मी 'पूर्ण सहमत'वर बोट टेकवलं. त्या बोटाची आजही आग होते.

मग बायकोला विचारायचं होतं. ती दारात उभी होती. "तिला काय कळतंय? माझंच तिचं," तो म्हणाला. ती आत गेली. सर्व्हेच्या नियमाप्रमाणे पुढची घरं दलित वस्तीत येत होती, ओढ्यापलीकडं. मी निघाले तर मागून म्हणाला, "तिकडं कशाला जातीस? त्यांचं मत माझ्याकडं हाय. भर हितंच."

मी नाही म्हणाले. माझ्या ओळखपत्रावरचा नंबर बघून त्यानं फोन लावला. कुणाला, ते मला लगेच कळलं, कारण पाठोपाठ नगरहून आमच्या सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, ते सांगतात तसं भरा आणि निघा. मोठे लोक आहेत."

"सर, त्यांनी मी बसलेली खुर्ची धुतली."

तो म्हणाला, "तुम्ही तिथं सर्व्हेला गेलात की खुर्चीला?"

मी फोन ठेवला आणि ओढा ओलांडला.

सरपंचानं एक माणूस मोटरसायकलवर मागं लावला. मी पहिल्या घरात गेले, तो उंबऱ्यावर येऊन बसला. घरातली बाई, सगुणाबाई, पन्नाशीची, त्याच सरपंचाच्या मळ्यात खुरपायला जाणारी. मी विचारलं, देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? तिनं उंबऱ्याकडं बघितलं.

"मला काय कळतंय, बाई."

टॅबवर अशा उत्तराचा पर्याय तयार होता. 'सांगता येत नाही.' किती बायकांच्या नावापुढं मी ते आजवर दाबलं असेल! बायांना राजकारण कळत नाही, असंच मला वाटायचं. उंबऱ्यावर कोण बसलंय ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"भाऊ, तुम्ही बाहेर जा," मी त्याला म्हणाले.

"न्हाई जात. काय करशील?"

मी काही करायच्या आत सगुणाबाई उठली. माझं मनगट धरलं. "चल माझ्यासंगं." मागच्या अंगाला पोत्यांचा आडोसा लावलेली न्हाणी होती. तिथं मला नेलं आणि आतूनच ओरडली, "आता ये की रं मागं! बायांच्या न्हाणीत ये!"

तो आला नाही.

न्हाणीतल्या दगडावर तिनं मला बसवलं, स्वतः पालथ्या घमेल्यावर बसली. "आता इचार."

"मोठा प्रश्न?"

"ज्याच्या दारात मला पानी वरनं वततात, त्याच्याच मळ्यात रोज जावं लागतंय. ह्यो लिव. देसाचा न्हाई का ह्यो?"

"आणि नेता? नेता कसा हवा?"

"सभंला न्यायला टॅक्टर धाडतोय. परत सोडायला धाडत न्हाई. रातचं चालत येतो आमी, पोरं काखंला घिऊन. जो सोडायला धाडंल, त्याचं बघू."

वस्तीतल्या आणखी बाया आल्या. एक बाहेर आली की दुसरी आत. बोलल्या. लई बोलल्या. एक तर रागानं रडली. तिच्या उत्तरासाठी टॅबवर जागाच नव्हती, 'इतर'वर दाबावं लागलं.

त्या सगळ्या मुलाखती कंपनीनं रद्द केल्या. 'दर्जा तपासणीत बसत नाहीत.' मलाही काढलं. पुढं टीव्हीवर निकाल आले. टक्क्यांचे रंगीत गोल, सूट घातलेले चार जण. त्यातला एक म्हणाला, ग्रामीण भागात जात हा आता मुद्दाच राहिलेला नाही, लोकांना खंबीर नेतृत्व हवंय.

"खोटं," मी म्हणाले.

वडील म्हणाले, "गप. आपल्याला काय करायचंय? आपण ख्रिस्ती लोक."

"त्या सरपंचानं तसं म्हणू दिलं का मला?" मी विचारलं. वडिलांनी टीव्ही बंद केला.

मी पोलिसांत गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही ख्रिस्ती ना? मग ॲट्रॉसिटी लागत नाही." म्हणजे कायद्याला मी ख्रिस्ती आणि खुर्चीला मी महार. देवानं एक केलं, गावानं दुसरं, आणि दोघांच्या मधल्या फटीत मला सोडून सगळे मोकळे.

त्या फटीत मी राहणार नाही.

आता मी स्वतःच त्या वस्तीवर जाते. कंपनी नाही, टॅब नाही. बाया जमतात. ग्रामसभेत कोण उठणार, काय बोलणार, ते ठरतंय. मागच्या सभेत सगुणाबाई उठली. तिला दटावून खाली बसवलं. पुढच्या सभेत पाच जणी एकदम उठणार आहेत.

सरपंचाचा निरोप आला, "परत गावात पाय ठिवलास तर तंगडी मोडीन."

मी उलट निरोप धाडला. रविवारी, उपासना सुटली की येते. दुपारची एसटी आहे. आडवाटेनं येणार नाही, चावडीवरून येईन. माझं मत माझ्याकडं आहे. आणि ते मी तिथं उभं राहून, मोठ्यानं सांगणार आहे.