पेटीवरचा आकडा

पूनम माझी सून. शिक्रापूरला कारखान्यात यंत्रांचे बोर्ड तपासती. म्या एकदा इचारलं, म्हंजी करतीस तरी काय गं? तर म्हणली, "आत्याबाई, बोर्डावर एक बारकी चिप असती, ऑप-अ‍ॅम्प. मी तिचा लाइटीचा सप्लाय मुद्दाम कमी-जास्त करते. सप्लाय हलला तरी तिनं मापलेला आकडा हलायला न्हाई पाहिजे. हलला, तर बोर्ड बाद." म्या मनात म्हटलं, बसून बटनं फिरवायचा पगार.

त्या साली माझी लेक प्रगती दौंडच्या दवाखान्यात सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोटाला टाके, उठता येईना. पोरगं ओंजळीएवढं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं. अंगाला वायर चिकटवलेली. अंग गार झालं की पेटी तापायची, ऊब पुरली की थांबायची. माझा जीव टांगणीला लागलेला, आन् पूनम लेकराकडं बघंना. डोळे सारखे पेटीवरच्या, लेकराची ऊब दाखवणाऱ्या आकड्यावर.

"लेकराकडं बघ की जरा. आकड्याचा मुका घ्यायचाय व्हय?" म्या खेकसले.

तेवढ्यात दवाखान्याची पाण्याची मोटर सकाळपास्नं कितव्यांदा तरी चालू झाली. ट्यूब मंद झाली आन् पूनमनं माझा दंड धरला. "आकडा बघा. एकदम वर गेला."

"ताप आला काय?" म्या इचारलं.

"ताप असा झटक्यात चढत न्हाई, आत्याबाई."

म्या पेटीच्या खिडकीतनं हात घातला. आम्ही मेंढरं राखलेली माणसं, गारठलेलं कोकरू हाताला कळतं. पोराचे तळवे थंडगार.

सिस्टर पळत आली. तिनं बगलेत पारा लावला आन् तिचं तोंड उतरलं. लेकरू खरंच गार होतं. पूनम म्हणली, "मोटरनं लाइट ओढून ती मंद झाली की आकडा खोटा चढतो. पेटीला वाटतं बाळ तापलं, ती ऊब बंद करती."

"पेटीच बिघडली असंल तर पुण्याला न्यावं लागंल," सिस्टर म्हणली. "आन् एवढं लेकरू रस्त्यात टिकंल का, मला सांगता येत न्हाई."

"आधी तपासू द्या," पूनम म्हणली. "पण बाळ बाहेर काढून."

म्या चोळी सोडली आन् लेकरू छातीला लावलं, वरनं पदर आन् घोंगडी. पेटीत गरम पाण्याची बाटली ठेवून वायर तिला चिकटवली. मोटर बंद, आकडा जागेवर. चालू केली, आकडा वर. पूनमनं परत परत बंद-चालू करायला लावलं. तिच्या कपाळाला घाम, माझ्या छातीला लेकराचा श्वास लागतोय का न्हाई, ह्याची धास्ती. बाटलीला कुठला ताप? मोटर बंद असली की आकडा हलत नव्हता.

"पेटी चालंल," सिस्टर म्हणली. "मोटर न्हाई."

मग समद्या दवाखान्यानं हापशावरनं पाणी भरलं. तरी गावची लाइट कवा मंद होईल नेम न्हाई. पूनम आकड्यापुढनं हलंना. ट्यूब मंद झाली की नुसती "आत्याबाई" म्हणायची, आन् सिस्टर लेकरू माझ्या चोळीत द्यायची. असं किती डाव दिलं, मोजलं न्हाई.

लेकराचं नाव रुद्र ठेवलं. तो पेटीतनं कायमचा बाहेर आला, तवा म्या त्याला पूनमच्या मांडीवर ठेवलं. ती किती तरी येळ बघत बसली.

"आत्याबाई, ह्याचं नाक तुमच्यावर गेलंय," म्हणली, आन् रडाय लागली. इतक्या दिवसांत तिनं त्याचं तोंडच बघितलं नव्हतं.