पप्पांच्या चिरुटाची पानं

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकात वसईतल्या आमच्या घरी पप्पांचे चिरूट घरीच बनायचे. आत भरायची पानं आई निवडायची. जाड, काळपट पान कडकपणासाठी आणि पातळ, पिवळसर पान नीट जळावं म्हणून. दोन्ही मिसळून, पाणी शिंपडून ती ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि पप्पांना हाक मारायची. मग चर्चमधल्या मिस्साहून आलेले पप्पा ओटीवर बसून चिरूट वळायचे. तिने कधी वळले नाहीत, त्यांनी कधी पानं मिसळली नाहीत.

पप्पा गेले तेव्हा मी दहावीत होते.

आईला आता फारसं काही आठवत नाही. आज कामाच्या मावशींची मिश्रीसाठी आणलेली तंबाखूची पानं ओट्यावर राहिली. मी बाजारातून येऊन बघते तर आईने ती निवडून, मिसळून, ओल्या फडक्यात बांधलेली.

"पप्पांना बोलव गं. पानं सुकतील."

मागे एकदा खरं सांगितलं होतं, तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. म्हणून आज म्हटलं, "येतायत."

तेव्हापासून दाराकडे बघत बसलीय. मी तिच्या नकळत फडक्यावर दोनदा पाणी मारून आले.

तुमच्याही घरी कुणी अशी वाट बघतं का हो? तुम्ही काय सांगता?

थांबा, आई पुन्हा विचारतेय. फडकं ओलं करून येते.