भोईरकाकांना न आवडलेली कादंबरी

कादंबरी कुठलीही असो, भोईरकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मंग त्यांनी खाल्लान काय?" नायिका घर सोडून पळाली, दोन भाऊ जंगलात वाट चुकले, म्हातारा बेटावर एकटा अडकला, त्यांचं सुखदुःख नंतर, आधी त्यांच्या पोटात काय गेलं ते सांगा. लेखकानं ते लिहिलेलं नसलं की काका पुस्तक टेबलावर असं आपटायचे, जणू मीच ते लिहिलंय. "बाय, मानूस आठ दिस उपाशी आनि वर डोंगर चढतो? त्या लेखकाला एकदा आमच्या गोदामात माल उतरवाला पाठव. दुपारची भाकर चुकली का कसा डोंगर चढतो, बगतो मी."

भिवंडीतल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची मी ग्रंथपाल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच-सहा जण एका पुस्तकावर बोलतो. पूर्वी लोक नुसती भजी खाऊन जायचे, म्हणून मी नियम केला होता की प्रत्येकानं मत द्यायचं, त्याशिवाय चहा-भजी नाही. हा नियम माझ्याच मुळावर आला. काका दापोड्याहून यायचे, म्हणजे उशिराच यायचे. कधी रस्त्यात ट्रेलर आडवा, कधी गोदामाच्या फाटकाशी भांडण. आल्यावर "कुठपरंत आलाव?" असं विचारायचे आणि आम्ही तासभर जे बोललो ते एका वाक्यात धुळीला मिळवायचे. बाकीच्यांचे डोळे किटलीकडे, आणि काका अजून नायकाच्या न्याहारीवरच अडलेले.

दिसायला काका वाचणारे वाटायचे नाहीत. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, मोठी गाडी. पूर्वी भाताची शेती होती, तिथं आता गोदामं आहेत. गोदामाच्या दारात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोवाल्यांना ओरडत, हा माणूस महिन्याला चार-पाच कादंबऱ्या फस्त करायचा. आणि एकही आवडायची नाही! मी म्हणायची, "काका, आवडत नाहीत तर वाचता कशाला?" तर म्हणायचे, "आगो, शेजाऱ्याची भांडनं आवडतात म्हनून ऐकतो काय आपन? कान हायेत म्हनून ऐकतो."

एकदा मी मोठ्या खटपटीनं एका लेखिकाबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. त्यांच्या कादंबरीतली गरोदर बाई तीन दिवस रानातून चालते. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिलाच हात वर! बाई समजावून सांगत होत्या की ते चालणं प्रतीकात्मक आहे. काका म्हणाले, "आसंल. पन पोटातला पोर परतिकात्मक हाय काय? पानी कुठं प्याली ती?" बाईंचा चेहरा उतरला. जेवायला न थांबताच त्या निघाल्या. मी काकांना सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे फिरकू नका. तर हे गृहस्थ बाईंच्या गाडीमागे धावत गेले आणि काकूंनी माझ्यासाठी दिलेला तळलेल्या माशांचा डबा खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवून आले. "उपाशी कशी पाठवाची?" माझा डबा गेला तो गेलाच. पुढच्या महिन्यात काका हजर होतेच.

तर ती कादंबरी. नाव सांगत नाही, पण भयकथा म्हणून तिचा बराच गाजावाजा झाला होता. एका बाईचं घर कोसळतं, ती ढिगाऱ्याखाली अडकते आणि वाचते. नव्या घरात तिला भिंतीतून कुणीतरी हाका मारू लागतं. ती भिंतीशी बोलते, भिंतीला ताट वाढते आणि शेवटी भिंतीत शिरते. म्हणजे शिरते की नाही, हेही धड कळत नाही. पुस्तक सुचवलं होतं रेहानानं, आणि इथंच सगळी अडचण होती.

रेहाना आमच्यातली सगळ्यात लहान. पॉवरलूमवाल्यांच्या घरातली सून, माहेर पडघ्याचं, शिक्षण मराठी शाळेत. त्या चर्चेच्या दोनेक वर्षं आधी तिच्या सासरची इमारत भरदुपारी खाली बसली. घरात रेहाना आणि तिची नणंद नसीम, दोघीच होत्या. सासूबाई लग्नाला गेल्या होत्या, पुरुष माणसं कामावर. दुसऱ्या दिवशी रेहाना जिवंत निघाली. नसीम नाही निघाली. तेव्हापासून त्या घरात नसीमचं नाव कुणी काढत नसे. सासूबाई सुनेला वाढायच्या, विचारपूस करायच्या, सगळं करायच्या, पण तेवढं सोडून. आणि ही पोरगी वाळून काडी झालेली. त्या रविवारी ती लवकर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझं नाव कमी करा. मी माहेरी चाललेय. कायमची." नवरा चांगला, घर चांगलं, मग का? "अम्मींच्या समोर बसवत नाही," सासूबाईंविषयी एवढंच म्हणाली.

मी चर्चा रद्दच करणार होते. ती म्हणाली, नको, मला ऐकायचंय.

मग जे झालं त्याला चर्चा म्हणायची तर म्हणा. निवृत्त प्राध्यापक प्रधानसर आघाताचं मानसशास्त्र यावर बरंच बोलले, वाईट बोलले नाहीत, पण सगळं खिडकीकडे बघून. बँकेतली नीता म्हणाली की फोनवर लोकांनी पाच-पाच तारे दिलेत, काहींनी शिव्याही दिल्यात, मी तीन देईन, कारण शेवट कळला नाही आणि दिवा मालवायची भीती बसली. मी स्वतः भाषाशैलीवर काहीतरी पुटपुटले. सगळे जण रेहानाच्या अवतीभवती असे वावरत होतो, जसं झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या खोलीत पाय न वाजवता वावरतात. आणि ती टक्क जागी होती, एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

इतक्यात काका आले. बसायच्या आधीच म्हणाले, "रद्दी! भिताराला ताट वाढते, आनि सोता काय खाते त्याचा पत्त्या न्हाय." मी डोळ्यांनी खुणा केल्या. काकांना खुणा कळायच्या तर आणखी काय हवं होतं? ते सरळ रेहानाकडे वळले. "पोरी, तू व्हतीस ना खरीखुरी ढिगाऱ्यात? तू काय खाल्लंस?"

"काका!" मी किंचाळलेच. नीतानं माझा दंड धरला नसता तर माझ्या हातून काय झालं असतं, देव जाणे. प्रधानसर चष्मा पुसायला लागले. अरे, काही लाज, काही शरम? वय काय, बोलता काय!

"नानखटाई," रेहाना म्हणाली.

ती काकांकडेच बघून बोलत होती. नसीमनं सकाळी बेकरीतून नानखटाई आणली होती, तो पुडा अंधारात रेहानाच्या हाताला लागला. पलीकडून नसीम हाका मारत होती. भाभी, भूक लागलीय म्हणाली. "मी सांगितलं, माझ्याकडे काही नाही. आणि सगळी खाल्ली. तिचीच होती, आणि मी चोरासारखी आवाज न करता खाल्ली."

"हात पोचत व्हता काय तिच्यापरंत?" काकांनी विचारलं.

"नाही. मधे बीम होता."

"बोट तरी?"

"नाही."

"मंग? नानखटाई काय उडत जानार व्हती?" काका चिडून म्हणाले, अगदी लेखकांवर चिडायचे तसेच. "आगो, तू खाल्लीस म्हनून सुदीवर रायलीस. तू पन डोले मिटले आसतेस तर त्या पोरीशी बोलला कोन आसता? सासूला सांगितलंस ह्ये?"

"कसं सांगू?"

"तोंडानी!"

रेहाना आधी हसली आणि मग जी रडायला लागली, ती थांबेचना. मी तिला जवळ घेतलं, तर काका गाडीची किल्ली वाजवत उभे. "चला. आत्ताच. बाय, तू पन चल. मी एकला गेलो तर घोटाला करीन." हे मात्र अगदी खरं होतं, म्हणून मी गेले.

घरी अम्मी एकट्याच होत्या. रेहानाच्या सासूबाईंना सगळी गल्ली अम्मीच म्हणते. काका कोचावर ऐसपैस बसले आणि त्यांनी आपलं हिंदी काढलं. "भाभी, तुमारी बहू को कुछ बोलना हय. तुम सुनो, हम हय इधर." अम्मी म्हणाल्या, "मराठीत बोला की भोईरसाहेब. माझ्या सात पिढ्या इथल्याच आहेत." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रेहानानं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, नानखटाईचं, खोटं बोलल्याचं, सगळं. अम्मी ओढणीचा काठ चाचपत राहिल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी काय बोलत होती गं ती?"

"गॅसवर दूध होतं म्हणाली. उतू गेलं असेल, अम्मी ओरडेल."

"मी कशाला ओरडेन गं," अम्मी म्हणाल्या, "मी कशाला ओरडेन माझ्या लेकराला!" आणि त्यांनी रेहानाला ओढून खाली बसवलं. "दोन वर्षं वाट बघतेय मी, ही कधी सांगेल म्हणून. तुला त्रास होईल म्हणून तोंड शिवून बसले. बोल. सगळं बोल. काय काय म्हणत होती?"

मी वळून पाहिलं तर काका कोचावर नव्हते. बाहेर गाडीत बसले होते, आणि रुमालानं नाक पुसत एका रिक्षावाल्याला उगीचच झापत होते. परतताना मी विचारलं, आता तरी नीट मत द्या, कादंबरी कशी वाटली? "सांगितला ना, रद्दी. येवढी पानं ती बाई भिताराशी बोलते. येका तरी मानसानी तिला इचारलान काय, तुजा काय झाला म्हनून? मंग भूतच येनार, दुसरा कोन येनार?"

रेहाना पडघ्याला गेली ती ईदला, चार दिवस राहून परत आली. आता कुणी म्हणेल, काकांचं बरोबर होतं. मुळीच नाही! यशानं चढून जाऊन त्यांनी पुढच्याच महिन्यात नीताला विचारलं, ठरलेलं लग्न का मोडलं? ती किती तरी दिवस वाचनालयाकडे फिरकली नाही, आणि तिची समजूत काढायला मला तिच्या घरी खेटे घालावे लागले. त्यावरून मी काकांशी अबोला धरला. त्यांच्या तो लक्षातही आला नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं अशा माणसापुढे.

यंदा काका गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथंच संपलं. मी दापोड्याला पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. जी ती एकमेकींना दटावत होती, त्यांच्यापुढे विषय काढू नका, आठवण देऊ नका. मीही गप्प बसले. काय बोलणार? मला इतका संताप आणणारं माणूस पुन्हा मिळणार नाही हे मला तिथं बसल्याबसल्या कळत होतं.

तेवढ्यात रेहाना आणि अम्मी आल्या. बायकांनी जागा करून दिली. अम्मी काकूंच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जाताना काय बोलले, ताई?"

एक म्हातारी पुढे सरसावली, "आता कशाला ते?" पण काकूंनी मान वर केली होती. "बोलला," काकू म्हणाल्या, "का दवाखान्याची डाल पानचट हाय. आनि मना इचारलान, तू जेवलीस काय? मी बोलली, हो. मी जेवली नव्हती." मग त्यांना रडू फुटलं, आणि रडतरडत त्या सकाळपासूनचं सगळं सांगू लागल्या.